‘सेट’ या एका इंग्रजी शब्दाचे अर्थ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकलेल्या मोठ्या माणसांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. दुकानदार, नर्स, रिक्षावाले, दहावीतल्या मुलांच्या आया, असे सगळे येतात. अवघड शब्दांवर ही माणसं अडत नाहीत, अवघड शब्द डिक्शनरीत बघून पाठ करता येतो. अडतात ती छोट्या शब्दांवर, आणि त्यातही सगळ्यात जास्त ‘सेट’ वर. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र लिहिलेत. क्रम काही खास नाही.

‘सेट’ चा मराठी अर्थ काय? एका शब्दात सांगा ना.

एका शब्दात हवा असेल तर ‘बसवणे’. खरंच. बाकीचं सगळं विसरलात तरी हा एक धरून ठेवा, कारण या शब्दाच्या पोटात तोच अर्थ आहे. एखादी गोष्ट तिच्या जागी नीट बसवणं, ती तिथे टिकेल अशी ठेवणं.

पण हे उत्तर घेऊन लगेच भाषांतर करायला बसू नका. ‘सेट द अलार्म’ म्हणजे गजर बसवणे नाही, गजर लावणे. ‘सेट द टेबल’ म्हणजे पानं मांडणे. ‘सेट अ गुड एक्झाम्पल’ म्हणजे चांगलं उदाहरण घालून देणे. ‘सेट अ डेट’ म्हणजे तारीख ठरवणे, ‘सेट अ पेपर’ म्हणजे प्रश्नपत्रिका काढणे, ‘सेट अ बर्ड फ्री’ म्हणजे पक्षी सोडून देणे. इंग्रजीत क्रियापद एकच आहे, मराठीत मात्र पुढे कुठलं नाम आलंय ते बघून क्रियापद बदलतं. म्हणून मी क्लासमध्ये सांगते की सेट दिसला की सेटकडे बघू नका, त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा. शेजारी अलार्म आहे का, टेबल आहे का, तारीख आहे का, हे कळलं की मराठी आपोआप तोंडात येतं, कारण गजर लावतात हे कुणी आपल्याला शिकवलेलं नाही, ते आपल्याला येतंच.

हे ‘बसवणे’ तुम्ही कुठून काढलं? डिक्शनरीत तर ‘ठेवणे’ दिलंय.

ठेवणे पण बरोबरच आहे. पण बसवणे म्हटलं की इंग्रजीची रचनाच उघडी पडते म्हणून मला ते आवडतं. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणे. जुन्या इंग्रजीत ते ‘सेट्टन’ होतं. आपल्याकडे बसणे-बसवणे, निजणे-निजवणे अशा जोड्या रोज वापरतो ना, तशाच जोड्या इंग्रजीतही होत्या, आता थोड्याच उरल्यात. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल अ ट्री’ मधलं ‘फेल’ म्हणजे पाडणे, झाड पाडणे. ‘लाय’ म्हणजे आडवं होणे आणि ‘ले’ म्हणजे आडवं ठेवणे. पडणे-पाडणे ज्याला कळतं त्याला सिट-सेट कळायला पाच मिनिटं लागतात. शाळेत मला हे कुणी असं सांगितलं असतं तर किती वर्षं वाचली असती असं मला राहून राहून वाटतं.

आणि अजून एक गंमत बघा. इंग्रजीच्या या ‘सिट’ चं मूळ आणि संस्कृतमधल्या ‘सद्’ धातूचं मूळ एकच आहे. सद् म्हणजे बसणे. त्यातून आपल्याकडे आले सदन, सभासद, संसद म्हणजे एकत्र बसणं, परिषद म्हणजे भोवती बसणं, उपनिषद म्हणजे गुरूच्या जवळ खाली बसणं. पक्ष्याच्या घरट्याला संस्कृतमध्ये ‘नीड’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘नेस्ट’, हे दोन्ही शब्दही याच मुळातून आलेत, पक्षी खाली बसतो ती जागा. आपलं ‘बसणे’ मात्र या घराण्यातलं नाही, ते जुन्या मराठीतल्या ‘बैसणे’ वरून आलंय. पण मुळं वेगळी असली तरी दोन्ही भाषांनी बसण्यावरून बसवणं आणि त्यावरून पुढचं सगळं, हा रस्ता अगदी सारखा धरलाय.

म्हणजे मराठी ‘बसवणे’ ला पण इतके अर्थ आहेत का?

हा प्रश्न एका ताईंनी विचारला आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहायला सुरुवात केली, तो तास तिथेच संपला. गणपती बसवतात. घट बसवतात. नाटक बसवतात, नाच बसवतात. दात बसवतात. मोडलेलं हाड बसवतात. फरशी बसवतात, नळ बसवतात. कर बसवतात. घडी बसवतात, कापडाची पण आणि संसाराची पण. बस्तान बसवतात. अंगठीत खडा बसवतात.

आता यातली हाड आणि खडा ही दोन उदाहरणं घ्या. इंग्रजीत डॉक्टर ‘सेट्स अ बोन’ आणि सोनार ‘सेट्स अ स्टोन’. शब्दाला शब्द, तंतोतंत. खडा ज्यात बसवतात त्या कोंदणाला इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणतात. आणि क्रिकेटमध्ये आपण म्हणतो ना की आता तो सेट झालाय, सेट बॅट्समन आहे, त्याला मराठीत काय म्हणतात? जम बसलाय. नजर बसलीय. परत बसणंच आलं.

म्हणून ‘एका शब्दाला इतके अर्थ, इंग्रजी किती विचित्र भाषा’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. आपण स्वतः बसवणे, लावणे, घालणे, मांडणे हे शब्द दिवसभर शंभर अर्थांनी वापरतो. नुसतं ‘लावणे’ घ्या, दिवा लावणे, झाड लावणे, दार लावणे, नंबर लावणे, चाल लावणे, वेळ लावणे, जीव लावणे. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे तितकंच जड जात असणार.

सगळ्यात जास्त अर्थ असलेला इंग्रजी शब्द सेट आहे हे खरं का?

बरीच वर्षं खरं होतं, आता नाही. ऑक्सफर्डची मोठी इंग्लिश डिक्शनरी आहे, तिची पहिली आवृत्ती 1884 ते 1928 या काळात भागाभागाने छापून झाली आणि दुसरी 1989 मध्ये 20 खंडांत आली. त्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, अर्थ साधारण 430 आणि नोंद जवळपास 60,000 शब्दांची. एका शब्दाची माहिती म्हणजे एक बऱ्यापैकी जाड पुस्तकच झालं.

पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि जुन्या नोंदी नव्याने लिहिल्या जायला लागल्या, त्यात आधी ‘मेक’ पुढे गेला, मग ‘पुट’, आणि 2011 च्या सुमारास ‘रन’ या क्रियापदाने 645 अर्थांसह पहिला नंबर घेतला. ती नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला सुमारे नऊ महिने लागले. रन पुढे जाण्याचं एक कारण कळायला सोपं आहे, यंत्रं आली, बस रन होते, इंजिन रन होतं, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम रन होतो. पण परीक्षेत ‘कुठल्या शब्दाला सर्वात जास्त अर्थ’ असा प्रश्न आला तर कुठली आवृत्ती धरलीय ते बघावं लागेल. जुन्या जनरल नॉलेजच्या पुस्तकांत अजून सेटच असतो.

‘सेट’ चा भूतकाळ काय? सेटेड म्हणायचं का?

नाही, सेटेड असं रूप नाही. सेट-सेट-सेट, तिन्ही सारखी, जशी पुट, कट, हिट, लेट, शट यांची. हे सगळे ‘ट’ वर संपणारे छोटे शब्द आहेत बघा. जुन्या इंग्रजीत वेगळी रूपं होती, पण शेवटचे उच्चार झिजत गेले आणि सगळी एकसारखी होऊन बसली.

मग काळ कसा ओळखायचा? तृतीय पुरुष एकवचन असेल तर ‘स’ बघा. ‘शी सेट्स द अलार्म’ म्हणजे ती रोज गजर लावते, ‘शी सेट द अलार्म’ म्हणजे तिने गजर लावला. बाकी ठिकाणी ‘येस्टर्डे’ वगैरे शब्दांवरून अंदाज घ्यायचा. आणि सिट-सॅट-सॅट वेगळं, तिथे गोंधळ करू नका, माणूस स्वतः बसला तर ‘सॅट’.

दागिन्यांचा सेट, सोफा सेट, यातला ‘सेट’ पण तोच का? तिथे बसवणं कुठे आलं?

हा फार चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं. समूह या अर्थाचा सेट हा मुळात वेगळाच शब्द आहे! तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘सेक्टा’ आहे, म्हणजे एखाद्याच्या मागे जाणारे लोक, अनुयायी, पंथ. त्याच्याही मागे ‘मागे जाणे, सोबत जाणे’ अशा अर्थाचा धातू आहे आणि त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे ‘सच्’. त्या सच् वरून आपला ‘सचिव’ आला, सोबत असणारा तो सचिव. म्हणजे बघा, मंत्रालयातला सचिव आणि सहा ग्लासांचा सेट यांचं लांबचं नातं निघालं.

इंग्रजीत हे दोन शब्द उच्चाराने सारखे झाले आणि अर्थानेही एकमेकांत मिसळले. एकत्र मांडून ठेवलेल्या वस्तू त्या सेट असं लोकांना आपसूक वाटायला लागलं, त्यात चूक काहीच नाही.

या अर्थाला मराठी शब्द कुठला? संच की जोड की अजून काही?

सरकारी आणि पुस्तकी मराठीत संच. दिवाळी अंकांचा संच, प्रश्नसंच, दूरदर्शन संच. पण बोलताना प्रत्येक वस्तूचा स्वतःचा शब्द असतो आणि तो जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं. किल्ल्यांचा जुडगा. कपड्यांचा जोड. नवरीच्या हिरव्या बांगड्यांचा चुडा. माणसांचा सेट असेल तर गट, घोळका, कंपू, जसा भाव तसा शब्द. ‘अ सेट ऑफ कीज’ चं भाषांतर ‘किल्ल्यांचा संच’ असं वाचलं की कळतं, पण कानाला लगेच जाणवतं की लिहिणाऱ्याने शब्द बघितला, वस्तू डोळ्यापुढे आणली नाही.

काही ठिकाणी मात्र सेट हाच मराठी शब्द झालाय, तिथे ओढाताण करू नये. लग्नात आहेर म्हणून येणारा लेमन सेट, म्हणजे एक जग आणि सहा ग्लास, त्याला दुसरं काही म्हटलं तर आजीला पण कळणार नाही. डिनर सेट, सोफा सेट, कपबशीचा सेट, जिममधले तीन सेट, हे आपलेच झालेत.

गणितातला सेट?

तो संच. महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या गणितात पहिलंच प्रकरण संचांचं आहे, यादी पद्धत, गुणधर्म पद्धत, रिक्त संच, उपसंच, वेन आकृती. इथे एक फरक लक्षात ठेवायचा, रोजच्या बोलण्यात सेट म्हणजे जुळणाऱ्या वस्तू, कपबशी एकाच डिझाइनची पाहिजे. गणितात तशी काही अट नाही. घटक कुठलेही चालतात, फक्त ते संचात आहेत की नाहीत हे नक्की सांगता आलं पाहिजे. म्हणून ‘वर्गातल्या हुशार मुलांचा संच’ हा संच होत नाही, हुशार कोण यावर भांडण होईल. क्रमाला महत्त्व नाही आणि तोच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच मोजायचा. या शाखेचा पाया गेऑर्ग कॅन्टर या जर्मन गणितज्ञाने 1870 च्या दशकात घातला, आणि त्याच्या जर्मनमधला शब्द ‘मेंगे’ असा होता, त्याचा साधा अर्थ ढीग, गर्दी, भरपूर प्रमाण. इंग्रजांनी त्याला सेट केलं आणि आपण संच.

कंपासपेटीतला ‘सेट स्क्वेअर’ म्हणजे गुण्या. त्याचा संचाशी संबंध नाही.

सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे काय? तो कुठे बसतो?

बसतोच की! खाली जाऊन बसतो, क्षितिजाखाली. तिथे सेट हा स्वतःच खाली जाण्याच्या अर्थाने येतो. संस्कृत सद् मध्येसुद्धा बसण्याबरोबर खाली जाणं, खचणं हा अर्थ आहेच, ‘विषाद’ मध्ये तोच सद् आहे, मन खाली बसतं. मराठीत आपण सूर्य मावळला म्हणतो, बुडाला म्हणतो, अस्ताला गेला म्हणतो. मावळणे हा मला मराठीतला सगळ्यात सुंदर शब्द वाटतो. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या खोऱ्यांचा जो मावळ भाग आहे त्याचं नावही मावळतीशीच जोडलं जातं. तेव्हा ‘सनसेट पॉइंट’ लिहायचं तर लिहा, पण वाक्यात ‘सूर्य सेट झाला’ नको.

दही सेट झालं, जेली सेट झाली, सिमेंट सेट झालं, इथे?

इथे सेट म्हणजे पातळ होतं ते घट्ट होऊन एका आकारात बसलं. आणि इथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त बारकाईने बोलते. दही लागतं. तूप थिजतं. वडीचं मिश्रण आळतं. रक्त गोठतं. चार वेगळ्या क्रिया आहेत आणि चार वेगळी क्रियापदं आहेत. आजकाल रेसिपी सांगताना सगळीकडे ‘सेट व्हायला ठेवा’ म्हणतात, चालतं, पण दही लावायचं असताना ‘दही सेट करा’ ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ‘विरजण’ हा शब्द ज्या घरात बोलला जातो तिथल्या मुलांना दही कसं होतं हेही कळतं. दुकानात पाकिटावर ‘सेट कर्ड’ लिहिलेलं असतं, ते त्याच भांड्यात लावलेलं घट्ट कवडीदार दही.

सिमेंटचं जरा वेगळं आहे. तिथे ‘सेटिंग टाइम’ हा तांत्रिक शब्द आहे, साध्या पोर्टलँड सिमेंटला भारतीय मानकानुसार सुरुवातीचा सेटिंग टाइम कमीत कमी 30 मिनिटं आणि शेवटचा जास्तीत जास्त 600 मिनिटं असावा लागतो. म्हणजे पाणी घातल्यावर अर्धा तास तरी माल हातात राहिला पाहिजे. पण सेट झालं म्हणजे पूर्ण ताकद आली असं नाही, म्हणूनच त्यानंतरही दिवसेंदिवस पाणी मारावं लागतं. क्लासमध्ये एक गवंडीकाम करणारे दादा होते त्यांनी हे सगळ्यांना इतकं छान समजावून सांगितलं की त्या दिवशी मी खाली बसले आणि ते फळ्यापाशी उभे होते.

शेतीतला सेट वेगळा असतो का?

हो, आणि डिक्शनरीत तो चटकन सापडत नाही. ‘फ्रूट सेट’ म्हणजे फळधारणा, मोहोर किंवा फुलं आली त्यातली किती फळात बसली ते. टोमॅटो, द्राक्षवाले ‘सेटिंग चांगली झालीय’ म्हणतात ते हेच. आणि उसाच्या लागणीच्या माहितीपत्रकात ‘टू-बडेड सेट’ असं दिसलं तर ते दोन डोळ्यांचं टिपरं. तिथे इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन टी असतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला टिपरं म्हटलं की लगेच कळतं.

सेट अप, सेट ऑफ, सेट आउट, सेट इन... ही लफडी कशी लक्षात ठेवायची?

यादी पाठ करू नका. प्रत्येक वेळी पुढचा छोटा शब्द दिशा सांगतो, ती दिशा बघा. आउट म्हणजे बाहेर, ‘सेट आउट’ म्हणजे घराबाहेर पडणे, प्रवासाला निघणे. इन म्हणजे आत, ‘सेट इन’ म्हणजे येऊन बस्तान बसवणे, आणि ते बहुतेक नको असलेल्या किंवा लांबणाऱ्या गोष्टीचं, थंडी, अंधार, पाऊस, इन्फेक्शन. पाऊस ‘सेट इन’ झाला म्हणजे पाऊस लागला, आता तो राहणार. याच घरातला ‘ऑनसेट’, हवामान खात्याच्या बातमीत असतो, केरळात मान्सून ऑनसेटची सरासरी तारीख 1 जून आहे. मराठी बातमीत ‘मान्सूनचं आगमन’.

‘सेट अप’ म्हणजे उभं करणे, दुकान उभारणे, समिती नेमणे. पण ‘ही वॉज सेट अप’ म्हणजे त्याला मुद्दाम अडकवला, हे माहीत नसलं तर अर्थाचा अनर्थ होतो. ‘सेट बॅक’ मागे ढकलणे, त्यावरून ‘सेटबॅक’ म्हणजे धक्का, पीछेहाट, आणि बांधकामाच्या नियमात रस्त्यापासून सोडायची जागा.

सगळ्यात तापदायक ‘सेट ऑफ’. निघणे हा एक अर्थ, फटाके उडवणे हा दुसरा. ‘द येलो बॉर्डर सेट्स ऑफ द साडी’ म्हणजे पिवळ्या काठाने साडी उठून दिसते, हा तिसरा. चौथा इन्कम टॅक्सचा, तिथे सेट ऑफ म्हणजे एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करणे. शेअर विकून झालेला दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो, आणि यंदा नाही झाला तर 8 वर्षं पुढे ओढता येतो, अर्थात रिटर्न वेळेत भरलं असेल तर.

‘द कोर्ट सेट असाइड द ऑर्डर’ म्हणजे ऑर्डर बाजूला ठेवली ना?

नाही! आणि यासाठीच मी हा सगळा खटाटोप करते. कोर्टाच्या भाषेत ‘सेट असाइड’ म्हणजे रद्द केला, रद्दबातल ठरवला. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या जमिनीच्या प्रकरणात वरच्या कोर्टाचा निकाल इंग्रजीत आला, त्यात खालचा आदेश सेट असाइड केल्याचं लिहिलं होतं, म्हणजे त्या जिंकल्या होत्या. घरातल्या एका शिकलेल्या मुलाने वाचून सांगितलं की प्रकरण बाजूला ठेवलंय, पुढे बघतील. त्या माऊली तीन आठवडे रडत होत्या. मुलाची चूक काय, त्याने ‘असाइड’ चा अर्थ बरोबरच लावला होता, घरात आपण पैसे ‘सेट असाइड’ करतो तेव्हा बाजूलाच ठेवतो. पण शेजारी ‘ऑर्डर’, ‘जजमेंट’ असेल तर अर्थ बदलतो. कायद्याचा कागद असेल तर कृपा करून वकिलाला विचारा, डिक्शनरीवर भागवू नका.

सेट चे समानार्थी शब्द द्या. पुट, प्लेस, फिक्स चालतात का?

यादी देते पण सावध राहा. क्रियापद म्हणून पुट, प्लेस, ले, फिक्स, अरेंज, एस्टॅब्लिश. नाम म्हणून ग्रुप, कलेक्शन, बॅच, किट, सिरीज. विशेषण म्हणून फिक्स्ड, रेडी, ठाम या अर्थी डिटरमिन्ड. पण ‘पुट अ रेकॉर्ड’ होत नाही, रेकॉर्ड ‘सेट’ च करतात. ‘फिक्स द टेबल’ म्हटलं तर टेबलाचा पाय मोडला होता असं वाटेल. किट म्हणजे कामाची सगळी हत्यारं एका पिशवीत, बॅच म्हणजे एका वेळी तयार झालेला घाणा, सेट म्हणजे मिळून पूर्ण होणारी गोष्ट. सेटमधली एक वस्तू हरवली तर सेट मोडतो, कलेक्शनमधली एक हरवली तर कलेक्शन लहान होतं, एवढाच फरक पण मोठा आहे.

पीटर मार्क रोजेने 1852 मध्ये आपला प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांचा कोश, छापला तेव्हा शब्द अर्थांच्या गटांनुसार मांडले होते, ते एकमेकांच्या जागी उचलून ठेवायला नाही तर हवा तो नेमका शब्द आठवायला. आज मोबाइलवर सिनॉनिम शोधून मुलं निबंधात काहीही घालतात, त्याने भाषा सुधारत नाही.

टीव्हीचा सेट, सिनेमाचा सेट, टेनिसचा सेट, थोडक्यात सांगा.

टीव्ही सेट म्हणजे अनेक भाग जोडून झालेलं पूर्ण यंत्र, त्याच्या डोक्यावर ठेवायचा डबा म्हणून ‘सेट टॉप बॉक्स’, आता टीव्ही इतके पातळ झाले की वर काही ठेवताच येत नाही पण नाव राहिलं. सिनेमाचा सेट लागतो आणि पाडतात, नाटकाच्या सेटला नेपथ्य हा छान शब्द आहे. कादंबरी ‘इज सेट इन’ पानिपत असं असेल तर कादंबरी पानिपतात घडते. टेनिसमध्ये कमीत कमी 6 गेम आणि 2 ची आघाडी मिळाली की सेट, 6-6 झाले की टायब्रेक, पूर्वी विम्बल्डनच्या शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता म्हणून 2010 मध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट 70-68 पर्यंत गेला, तीन दिवस चाललेला सामना होता तो. धावण्याच्या शर्यतीत 400 मीटरपर्यंत ‘ऑन युअर मार्क्स’ नंतर ‘सेट’ म्हणतात, 800 पासून पुढे म्हणत नाहीत.

पुस्तकाचं ‘टाइपसेटिंग’ म्हणजे अक्षरजुळणी, पूर्वी शिशाचे खिळे एकेक करून खरंच बसवायचे.

नेट-सेट मधला सेट?

तो शब्द नाही, आद्याक्षरं आहेत, स्टेट एलिजिबिलिटी टेस्ट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही परीक्षा घेतं, सहायक प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा आहे ती.

‘सेटिंग लावली’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

सेटिंग हा शब्द वापरूनच म्हणता येणार नाही, कारण तो अर्थ आपण इथे तयार केलाय. इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणजे कोंदण, गोष्टीची पार्श्वभूमी, किंवा मोबाइलमधली सेटिंग्ज. पैसे देऊन आतून काम करवून घेतलं असेल तर ‘फिक्स्ड इट’. चांगल्या अर्थाने सोय लावली असेल तर ‘अरेंज्ड इट’. इंटरव्ह्यूमध्ये एका मुलाने ‘आय हॅव गुड सेटिंग विथ माय टीम’ असं सांगितलं, त्याला म्हणायचं होतं की माझं टीमशी छान जमतं. त्यासाठी ‘आय गेट अलाँग वेल विथ माय टीम’ म्हणा.

आणि ‘सेटल’? लग्न होऊन सेटल झाला, तोच शब्द का?

चुलतभाऊ म्हणा. जुन्या इंग्रजीत बसायच्या जागेला ‘सेट्ल’ असं म्हणत, त्यावरून तो आला. गढूळ पाणी ‘सेटल’ होतं म्हणजे गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. संस्कृतमध्ये पण अगदी हेच झालंय, सद् ला ‘प्र’ लागून ‘प्रसन्न’ झाला, त्याचा जुना अर्थ गाळ बसून नितळ झालेलं पाणी. मन प्रसन्न झालं असं आपण म्हणतो तेव्हा तेच पाणी असतं.